मोफत उपचारांच्या योजना आल्या, एमबीबीएसच्या जागा वाढल्या. मग डॉक्टरकीत पैसा उरेल का?

नीटचा निकाल लागला की ठाणे-नवी मुंबईतले पालक सल्ल्यासाठी माझ्याकडे हा प्रश्न हमखास घेऊन येतात. कधी आई विचारते, कधी मामा, आणि बऱ्याचदा ज्याला डॉक्टर व्हायचंय ते पोर कोपऱ्यात गप्प बसलेलं असतं.

मृण्मयी (नाव बदललंय) अशीच गप्प होती. बोलत होते ते तिचे बाबा. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, आकड्यांचे पक्के. घणसोलीचा दुसरा फ्लॅट विकून लेकीला अभिमत (डीम्ड) विद्यापीठात घालायचं मनात होतं, पण हात आखडत होता.

"मॅडम, पाच लाखांपर्यंतचे उपचार आता फुकट. उद्या सरकारने सगळ्याचेच दर बांधले, तर डॉक्टरच्या हातात काय पडणार?"

भीती अगदीच हवेतली नव्हती. राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत प्रत्येक उपचाराच्या पॅकेजची रक्कम ठरलेली असते, आणि खाट, तपासण्या, औषधं, सर्जन, भूलतज्ज्ञ असं सगळं त्यातच भागवायचं असतं. पण ती रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जमा होते, तीही उपचारांनंतर दावा मंजूर झाला की. त्यातलं डॉक्टरला किती, हे त्याच्या करारावर ठरतं. महिन्याच्या पगारावर असलेल्याला पॅकेजची झळ उशिरा लागते. केसमागे पैसे घेणाऱ्याला लगेच लागते आणि दावा अडकला की त्याचेही पैसे अडकतात. सगळ्यात मोठी झळ बसते ती पंधरा-वीस खाटांचं स्वतःचं नर्सिंग होम चालवणाऱ्याला, कारण भाडं, नर्स आणि वीजबिल दाव्यासाठी थांबत नाहीत. म्हणून "डॉक्टरची कमाई घटेल का" याला एकच उत्तर देता येत नाही. कोणता डॉक्टर, आणि त्याला पैसे कोण देतं, हे आधी विचारायला हवं.

जागांचंही तेच. 2014 मध्ये देशात एमबीबीएसच्या सुमारे 51 हजार जागा होत्या, दहा वर्षांत त्या 1 लाख 12 हजारांच्या आसपास गेल्या. आपल्याच ठाणे जिल्ह्यात अंबरनाथला 2024 मध्ये 100 जागांचं सरकारी कॉलेज सुरू झालं. गर्दी होणार ती आधी शहरांत, नुसत्या एमबीबीएसवर थांबणाऱ्यांची. रुग्णालयांतल्या आरएमओच्या (निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या) नोकरीत तर बीएएमएस, बीएचएमएस झालेलेही रांगेत असतात. उलट ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत लागणाऱ्या तज्ज्ञांपैकी जवळपास चार पंचमांश जागांवर माणूसच नाही, असं केंद्र सरकारची आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते आहे. ठाण्याहून कसारा लोकल पकडून शहापूरकडे गेलं की हा फरक डोळ्यांनी दिसतो.

बाबांनी हे सगळं टिपून घेतलं आणि पुढच्या भेटीत तोच प्रश्न नव्याने विचारला. सरकारी धोरण ही चिंता करायला मोठी सोयीची गोष्ट आहे. कितीही काळजी करा, त्यावर आपल्याला करायचं काहीच नसतं. नुसत्या माहितीने ती हटत नाही, कारण माणसाला माहितीपेक्षा हमी हवी असते आणि वीस वर्षांनंतरच्या उत्पन्नाची हमी कुठल्याच व्यवसायात मिळत नाही.

मग मी टेबलावर एक कागद ठेवला. वरच्या ओळीत वयं: 18, 24, 26, 29, 35. खाली येणारे आणि जाणारे पैसे. बाबांनी पेन घेतलं ते थेट पस्तिशीच्या रकान्याकडे. "तीन लाख महिना?" असं प्रश्नचिन्हासकट लिहिलं.

"चोविसाव्या वर्षाचं मृण्मयी लिहील," मी म्हटलं.

तिने शून्य लिहिलं. सव्विसाखाली पुन्हा शून्य. मग बाबांकडे न बघताच म्हणाली, "तुम्ही माझ्या पस्तिशीचं विचारताय. मला भीती वाटते ती याची. फ्लॅट गेलेला, एमडीच्या प्रवेश परीक्षेसाठी मी घरी बसलेली, आणि क्लासच्या फीसाठी तुमच्याकडे हात पसरायचा."

बाबा बराच वेळ त्या दोन शून्यांकडे बघत राहिले. "हे तू आधी का नाही बोललीस?" "तुम्ही सरकारबद्दल बोलत होता ना."

तिथे प्रश्न बदलला, आणि माझ्या मते अशा बहुतेक घरांत तो तिथेच बदलायला हवा. उत्पन्न किती होईल यापेक्षा पहिली दहा वर्षं घर कशावर तगेल, हे आपल्याला मोजता येतं.

त्यांनी मोजलं. वर्षाला पंचवीस लाख धरले तर साडेचार वर्षांची फी 1 कोटी 12 लाखांच्या वर, हॉस्टेल धरून सव्वा कोटीच्या घरात. फ्लॅटचे ऐंशी लाख आले तरी पंचेचाळीसेक लाखांचं कर्ज उरतं. 10 टक्के व्याजाने 15 वर्षांसाठी त्याचा हप्ता महिना सुमारे 48 हजार, आणि शिकत असताना चढलेलं व्याज वेगळंच. बँका साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने हप्ता सुरू करतात. एमडी तीन वर्षांचं. तेवढा काळ हप्ता पुढे ढकलता येईल का, हे कर्ज घेण्याआधी विचारून लेखी घ्यावं. सरकारी किंवा महापालिकेच्या कॉलेजात फी कमी, पण एक वर्षाची बंधपत्रित सेवा (शिक्षणानंतर सरकारी सेवेची अट) असते. ती टाळली तर एमबीबीएसला 10 लाखांचा दंड. त्या वर्षी पगार मिळतो, म्हणून मी तरी त्याला तोटा म्हणत नाही.

घणसोलीचा फ्लॅट शेवटी भाड्यावरच राहिला. ते भाडं एमडीच्या तयारीच्या काळासाठी बाजूला पडणार आहे. अभिमतचा पर्याय त्यांनी सोडला आणि राज्याच्या सीईटी सेलच्या (प्रवेश परीक्षा कक्षाच्या) प्रवेशफेऱ्यांवर भर दिला. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी कॉलेजातही ते मिळतं, पण प्रवेश राज्याच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. अभिमत विद्यापीठ किंवा व्यवस्थापन कोट्यातली जागा यात बसत नाही. मृण्मयी ओबीसीत बसत होती, तेव्हा उत्पन्नाच्या दाखल्याबरोबर नॉन-क्रीमीलेअरचा दाखलाही लागणार होता. हे दाखले निकालाची वाट न बघता आधीच काढून ठेवावेत. तहसील कार्यालयात अर्ज अडकला म्हणून प्रवेशफेरीची तारीख पुढे जात नाही.