ईमेलने पाठवलेल्या बैठकीच्या निमंत्रणाऐवजी नुसती आयसीएस फाइल (कॅलेंडरच्या नोंदीची फाइल) दिसते, ती का?
एका मेल प्रोग्रॅममध्ये स्वीकार-नकाराची बटणे दिसतात आणि दुसऱ्यात केवळ जोडलेली फाइल, हा दोष बहुधा संदेशाच्या रचनेत असतो. बाहेरचे आवरण ‘मल्टिपार्ट/मिक्स्ड’ (वेगवेगळे भाग व जोडण्या एकत्र ठेवणारा प्रकार) ठेवावे. त्याच्या आत ‘मल्टिपार्ट/अल्टरनेटिव्ह’मध्ये (एकाच मजकुराची पर्यायी रूपे ठेवणाऱ्या प्रकारात) साधा मजकूर, मग एचटीएमएल आणि सर्वांत शेवटी ‘टेक्स्ट/कॅलेंडर’ असा क्रम लावावा. या शेवटच्या भागाच्या हेडरमध्ये (कंटेंट-टाइपच्या ओळीत) ‘मेथड=रिक्वेस्ट’, म्हणजे हे निमंत्रण आहे अशी खूण, लिहिणे अनिवार्य आहे आणि ते आतील कॅलेंडर-मजकुरातल्या मेथडशी तंतोतंत जुळले पाहिजे; बटणे गायब होण्याचे कारण मला बहुतेकदा इथेच सापडले आहे. तीच माहिती आयसीएस फाइल म्हणून बाहेरच्या आवरणात जोडल्यास जुन्या प्रोग्रॅमचीही सोय होते.

बैठकीची वेळ बदलल्यास यूआयडी (नोंदीचा एकमेव ओळख-क्रमांक) तोच ठेवून सीक्वेन्सचा (आवृत्तीचा) आकडा वाढवावा, अन्यथा काही कॅलेंडरांत एकाच बैठकीच्या दोन नोंदी होतात.

बैठकीचे शीर्षक मराठीत असल्यास आणखी एक खाचखळगा आहे. आरएफसी 5545 (आयसीएस फाइलचे मानक) नुसार ओळ 75 बाइटांहून लांब नसावी, आणि यूटीएफ-8 या अक्षर-संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसह, 3 बाइट घेते; ‘आढावा बैठक’ एवढ्यातच 28 बाइट खर्च होतात. म्हणून ओळ बाइट मोजून, पण अक्षर मध्येच न तोडता दुमडावी, म्हणजे तोडून पुढची ओळ एका स्पेसने सुरू करावी.