वनस्पतीच्या वर्णनात ‘पाने अवृंत’ असं लिहितात, म्हणजे नेमकं काय? अवृंत पान ओळखायचं कसं?

वृंत म्हणजे देठ. अवृंत म्हणजे बिनदेठाचं. पानाचं पातं मधे कुठलीही दांडी न येता थेट खोडाला किंवा फांदीला टेकलेलं असतं. देठ असेल तर पान सवृंत.

इंग्रजी पुस्तकात यासाठी ‘सेसाइल’ हा शब्द दिसेल. त्याचं मूळ लॅटिन, अर्थ ‘बसलेला’. तोच शब्द प्राणिशास्त्रात एका जागी चिकटून राहणाऱ्या जीवांसाठी येतो. तिथे ‘अवृंत’ लिहून मोकळे झालेले अनुवाद मी वाचलेत, आणि वाचून हसलोही आहे.

वर्णनात या शब्दाचं काम काय, ते धोतऱ्यावरून चटकन कळतं. धोतऱ्याच्या पानाला चांगला लांब देठ असतो. पिवळ्या धोतऱ्याचं काटेरी पान मात्र अवृंत, त्याचा बुडखा खोडाला अर्धवट कवटाळून बसलेला. नावात दोन्हीकडे धोतरा आहे, पण कुळंसुद्धा वेगळी. फुलं नसतानाही नुसत्या देठावरून दोन्ही वेगळे सांगता येतात. रुईचा देठ इतका आखूड असतो की तिला ‘जवळजवळ अवृंत’ म्हणतात. निसर्ग आपल्या व्याख्या वाचून वाढत नाही, त्याला इलाज नाही.

आता खरी फसगत. पुष्कळदा आपण जिला पान समजतो ती संयुक्त पानाची एक पर्णिका असते. बेलाचं त्रिदल हे मिळून एकच पान, त्याला स्पष्ट देठ आहे. बाजूच्या दोन पर्णिका मात्र जवळपास अवृंत असतात आणि मधलीला स्वतःचा छोटा देठ असतो. म्हणून आधी बेचक्यातली कळी, म्हणजे बारीकसा कोंब, शोधा. ती पान आणि फांदी यांच्या बेचक्यात असते, पर्णिकेच्या बुडाशी नसते. कळी सापडली की पान कुठून सुरू होतं ते कळलं, मग देठ आहे की नाही ते बघा.

ऑस्ट्रेलियन बाभूळ याच्या अगदी उलट फसवते. तिची कोयत्यासारखी ‘पानं’ म्हणजे चपटे झालेले देठच, पातं उरलेलंच नाही. बी रुजल्यावर पहिली काही पानं नेहमीच्या बाभळीसारखी बारीक पर्णिकांची येतात, तेवढाच काय तो पुरावा. रोप हाताशी आलं तर जरूर बघा.