वॉटर-बेस्ड स्टेननंतर लाकूड खरखरीत होतं आणि क्लिअर कोट मारताना रंग सुटतो. माझं काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की पाइनच्या स्टुलाला वॉटर-बेस्ड स्टेन (लाकडात मुरणारा पाणी-आधारित रंग) लावला, वाळल्यावर हाताला खरखर लागली, ती घासायला गेलात तर कडांचा रंग उडाला, आणि वरून क्लिअर पॉलियुरेथेन (लाकडावरचा पारदर्शक संरक्षक थर) मारताना ब्रश तपकिरी झाला. हे तिन्ही पाण्यामुळेच झालंय.

घासलेल्या लाकडावर अर्धवट तुटलेले, दबलेले तंतू असतात. पाणी प्यायले की ते फुगून उभे राहतात आणि वाळल्यावर तसेच ताठ राहतात. हे टळत नाही, म्हणून स्टेनच्या आधीच उरकून घ्यायचं. १५० आणि मग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून झालं की ओल्या, पिळलेल्या फडक्याने सगळा स्टूल पुसून घ्या आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी तळहात फिरवलात तर दोन दिवसांची दाढी वाढलेल्या गालासारखं लागेल. आता २२० चा पेपर घ्या आणि तेवढे खुंट उडतील इतकाच हलका हात फिरवा. जोर लावलात तर खालचे नवे तंतू उघडे पडतात आणि केलेली मेहनत वाया जाते.

गुळगुळीत हवं म्हणून ४०० पर्यंत जायचा मोह होतो, पण मग स्टेन आत शिरतच नाही आणि रंग फिका राहतो.

स्टेन डब्यात तळाशी बसतो, तो ढवळून घ्या. एका वेळी एकच बाजू घ्या. हा स्टेन फार लवकर वाळतो, त्यामुळे भरपूर लावून एक-दोन मिनिटांत जास्तीचा पुसून टाकायचा, शेवटचा हात रेषांच्या दिशेने. अर्ध्यात फोन उचललात तर जिथे थांबलात तिथे पट्टा उमटलाच म्हणून समजा. पायांची टोकं, म्हणजे लाकूड आडवं कापलेली बाजू, स्पंजासारखी रंग पिते आणि काळपट होते. ती २२० ने जास्त घासून ठेवा. पाइन मुळातच कुठे जास्त, कुठे कमी पितं, म्हणून त्याला ढगाळ डाग पडतात. स्टेनआधी कंडिशनर (लाकडाने रंग सारखा प्यावा म्हणून लावायचं द्रव) लावला तर ते कमी होतात, पूर्ण जात नाहीत. सांध्यातून बाहेर आलेला गोंद नीट काढला नसेल तर तिथे पांढुरका ठिपका राहणार.

आता ब्रशला आलेला रंग. वॉटर-बेस्ड क्लिअरमधल्या पाण्याने खालचा स्टेन पुन्हा ओला होतो. स्टेन पुरता वाळलेला नसला किंवा ब्रश त्याच जागी चार-पाच वेळा फिरला की तो उचलला जातो. पहिला हात पातळ द्यायचा, एकदा ब्रश ओढला की परत तिथे जायचं नाही. गडद रंग असेल तर मी मधे मेण काढलेल्या शेलॅकचा (लाखेपासून केलेल्या फिनिशचा) एक पातळ हात देतो. तो स्पिरिटमध्ये विरघळलेला असल्याने स्टेनला फारसा हलवत नाही. क्लिअर डब्यात दुधासारखं दिसतं, घाबरू नका, वाळल्यावर पारदर्शक होतं. डबा मात्र हलवू नका, ढवळा. हलवल्याने झालेले बुडबुडे वाळून तसेच राहतात. ब्रश सिंथेटिक केसांचा घ्या, नैसर्गिक केस पाण्याने लिबलिबीत होतात.

क्लिअरच्या दोन हातांच्या मधे घासायला ३२० चा पेपर चालतो, स्टील वूल (बारीक पोलादी तारांचा गुंता) नाही. मी एकदा एका ट्रेवर ते वापरलं होतं. डोळ्यांना न दिसणारे तुकडे लाकडात अडकले, वरून वॉटर-बेस्ड फिनिश गेलं आणि काही दिवसांत ट्रेवर मोहरीएवढे गंजाचे ठिपके उठले. सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून!

तुमच्या स्टुलाचं म्हणाल, तर क्लिअरचा हात बसलाय तिथे आता वरून स्टेन लावून उपयोग नाही, तो आत जाणार नाही. फिक्या कडांसाठी क्लिअरमध्येच वॉटर-बेस्ड स्टेन थोडासा मिसळून पातळ हात देता येतो, पण आधी फेकायच्या तुकड्यावर बघा. रंग फारच पट्ट्यापट्ट्यांचा झाला असेल तर मात्र कोऱ्या लाकडापर्यंत घासा. आणि नवीन फिनिश हाताला कोरडं लागलं तरी दोन-तीन आठवडे स्टुलावर ओला कप किंवा जड वस्तू ठेवू नका, आतून ते कडक व्हायला तेवढा वेळ लागतो.