टॉन्सिलच्या कॅन्सरच्या रिपोर्टवर ‘पी-१६ पॉझिटिव्ह’ लिहिलंय. वडिलांनी तंबाखूला कधी हात लावला नाही. हा व्हायरसमुळे झाला का? आईला, आम्हाला लागण होईल का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, असे रिपोर्ट रोज लिहिते. व्हायरसमुळे झाला असण्याची शक्यता बरीच आहे, पण फक्त पी-१६ वरून ते पक्कं ठरत नाही.

पी-१६ म्हणजे व्हायरस नव्हे. ते आपल्याच पेशीतलं, वाढीला आवर घालणारं प्रथिन. एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस), म्हणजे तुम्ही विचारताय तो व्हायरस, त्यातही बहुतेक वेळा त्याचा १६ नंबरचा प्रकार, टॉन्सिलच्या पेशीत टिकून राहिला की त्याची ई-६ आणि ई-७ ही प्रथिनं पेशीचे दोन राखणदार निकामी करतात. ई-६ मुळे पी-५३ नष्ट होतं, ई-७ मुळे आरबी. आरबी गेलं की पेशी पी-१६ भरमसाट बनवते, पण ते ज्याच्यामार्फत काम करायचं ते आरबीच उरलेलं नसतं. स्लाइडवर तपकिरी रंग दाटून दिसतो तो या वाढलेल्या पी-१६ चा. थोडक्यात, तो व्हायरसचा माग आहे, आणि कधीकधी व्हायरस नसतानाही तसा दिसतो. अमेरिकेत घशाच्या या भागातले सुमारे ७० टक्के कॅन्सर एचपीव्हीमुळे होतात. आपल्याकडे तंबाखूमुळे होणारे जास्त, त्यामुळे पी-१६ वर एकट्यावर विसंबणं इथे अधिक धोक्याचं. डॉक्टरांना एचपीव्हीची डीएनए किंवा आरएनए तपासणी करता येईल का ते विचारा. त्यासाठी सहसा नवीन बायोप्सी लागत नाही, आधीच्या बायोप्सीचा मेणात जपून ठेवलेला तुकडा (ब्लॉक) चालतो.

हा व्हायरस टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशीच का बसतो, तर तिथे खोल खाचा असतात आणि त्यांचं अस्तर विरळ असतं. गालाच्या किंवा स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा फार कमी. तिथे गुन्हेगार तंबाखू, मिश्री, गुटखा आणि दारूच.

आता आईबद्दल, कारण घरात खरा त्रास इथून सुरू होतो. घशातला एचपीव्ही मुख्यतः लैंगिक संबंधांतून, त्यातही मुखमैथुनातून येतो. हे कळलं की घरात संशय शिरतो. कृपया तो शिरू देऊ नका. हा संसर्ग अतिशय सामान्य आहे, बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, आणि ज्या थोड्यांचा टिकतो त्यांना कॅन्सर व्हायला कित्येक वर्षं, अनेकदा दशकं लागतात. तो कधी, कुणाकडून आला हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. वडिलांच्या ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, नातवंडांना मांडीवर घेतल्याने कॅन्सर लागत नाही. आईंना वेगळं झोपवायची गरज नाही. त्यांनी गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी मात्र करून घ्यावी. ती तशीही करायची असते.

एचपीव्हीमुळे झालेल्या कॅन्सरला उपचारांचा गुण चांगला येतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे ८२ टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते; एचपीव्ही नसलेल्यांत हे प्रमाण ५७ टक्के होतं. म्हणूनच त्याच्या स्टेजेसही आता वेगळ्या मोजतात. मानेतल्या गाठी असूनही स्टेज कमी लिहिली असेल तर ती चूक समजू नका. पण ‘गुण चांगला येतो, मग केमो हलकी द्या’ असा आग्रह धरू नका. सिस्प्लॅटिन या नेहमीच्या केमोऐवजी सेटुक्सिमॅब हे दुसरं औषध देऊन पाहिलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत रुग्णांचं नुकसानच झालं. रेडिएशनच्या आधी दात तपासून घ्या, हे गडबडीत हमखास राहून जातं.

एचपीव्हीची लस वडिलांचा कॅन्सर बरा करणार नाही. तुमच्या मुलांना मात्र जरूर द्या, मुलग्यांनाही. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली सर्वाव्हॅक ही लस ९ ते २६ वयाच्या मुलामुलींना चालते, त्यात १६ नंबरचा प्रकार आहे, आणि १५ च्या आत दोनच डोस पुरतात.