रिग बोलता बोलता बंद का पडतो?

प्रश्न : निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस लाईट नव्हती. तेव्हापासून डोक्यात होतं, म्हणून हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना मिळाल्यावर १०० वॅटचा एचएफ (शॉर्टवेव्ह) रिग, म्हणजे रेडिओ संच, सोलरवरच चालवायचं ठरवलं. गच्चीवर १०० वॅटचं पॅनल, जिन्याखाली १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी. ऐकू झकास येतं, पण पीटीटी (माइकवरचं बोलायचं बटण) दाबून बोलायला लागलो की रिग बंद! बॅटरीवर मीटर १२.३ व्होल्ट दाखवतो. शिवाय ऊन चढलं की ४० मीटर बँडवर खरखर. नवी बॅटरी घ्यावी का?
— एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : पैसे खिशातच ठेवा. जिन्याखालून टेबलापर्यंत वायर कितीची आणि किती लांब, ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि गोम तिथेच असणार. घरातली नेहमीची २.५ स्क्वेअर (चौरस मिलिमीटर) आणि पाच मीटर अंतर धरू. जाऊन-येऊन दहा मीटर तांबं, म्हणजे साधारण ०.०७ ओहम. ऐकताना रिग अँपिअरभर घेतो, तेव्हा काही जाणवत नाही. बोलताना वीसेक अँपिअर ओढतो आणि दीड व्होल्ट वायरच खाते. बऱ्याच रिगना किमान ११.७ व्होल्ट लागतात, तुमच्याकडे पोचतात १०.८. बंद पडणार नाही तर काय करेल बिचारा! खात्री करायची तर मीटर रिगच्या प्लगवर लावा, अँटेनाऐवजी डमी लोड (पॉवर जिरवणारा रोध) जोडा, सीडब्ल्यूची (मोर्सची) की क्षणभर दाबा आणि आकडा बघा.

बॅटरी टेबलाजवळ आणा, पण खिडकीपाशी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. वायर मीटरभर, ६ स्क्वेअर. प्लसच्या टर्मिनलला लागूनच ३० अँपिअरचा फ्यूज हवाच. इन्व्हर्टरवर पॉवर सप्लाय लावायचा सल्ला कोणीतरी देईलच. १२ चे २३०, २३० चे परत १३.८, दोन्ही वेळा कट द्यायचा आणि वर त्याचा गोंगाट ऐकायचा. मी तरी लावणार नाही.

खरखर बहुधा चार्ज कंट्रोलरची (पॅनल आणि बॅटरीच्या मधला डबा), त्यातही तो एमपीपीटी प्रकारचा असेल तर जास्तच. पॅनलच्या वायरीत डीसी एमसीबी बसवा आणि बोलायला बसताना तो पाडा. बॅटरीची वायर आधी काढू नका, कंट्रोलर जायचा. एमसीबी पाडल्यावरही खरखर राहिली, तर घरातले एलईडी दिवे एकेक करून बंद करून बघा. कंट्रोलरच्या दोन्ही बाजूंच्या वायरींना फेराइट रिंगवर सात-आठ वेढे देऊनही बराच फरक पडतो.

हिशेब तुमच्या बाजूनेच आहे. संध्याकाळी चार तास बसलात आणि त्यातला तासभर बोललात, तर दहा-बारा एएच जातात (वीस अँपिअर फक्त आवाज चढतो त्या क्षणी, सरासरी निम्म्याहून कमी). लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवायची नाही म्हटलं तरी ७५ एएच हातात आहेत. स्वच्छ उन्हात पॅनल दिवसाला वीसेक एएच भरून देईल. कोकणातल्या जुलैत त्यातलं किती मिळेल ते आभाळ ठरवेल; तेव्हा पॉवर २५ वॅटवर आणा. समोरच्याच्या मीटरवर जेमतेम एक एस-युनिट (सिग्नल मोजायचा एक टप्पा) कमी दिसेल, पुण्या-मुंबईला तुमचं बोलणं तसंच पोचेल.