सत्तेतला राष्ट्राध्यक्ष दुसऱ्यांदा कसा निवडून येतो?

सदाशिव पेठेतल्या तुमच्या अभ्यासिकेत गटचर्चा आहे आणि विषय आलाय तो अमेरिकेच्या विद्यमान राष्ट्राध्यक्षाने दुसरी टर्म जिंकण्याचा. तुमच्या गटाचं म्हणणं असं की सरकार, विमान, प्रसिद्धी सगळं हाताशी असल्यावर अर्धी लढाई आधीच जिंकलेली असते. मला हे पटत नाही. 1980 मध्ये कार्टर यांच्याकडे आणि 1992 मध्ये थोरल्या बुश यांच्याकडे हे सगळं होतंच की, तरी दोघंही हरले. आखाती युद्ध संपलं तेव्हा गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत बुश यांच्या कामावर 89 टक्के लोक खूश होते. पुढच्याच वर्षी क्लिंटननी त्यांना घरी बसवलं.

निवडणूक 'या माणसाने चार वर्षांत काय केलं' एवढ्यावरच झाली तर सत्तेतला माणूस अडचणीत येतो, कारण प्रत्येक घरात काही ना काही तक्रार असतेच. तीच 'हा की तो' अशी झाली तर त्याला वाव मिळतो. बाकीचे डावपेच मला दुय्यम वाटतात. मग प्रतिस्पर्धी कोण आहे हे त्याने स्वतः सांगायच्या आत आपणच लोकांना सांगून टाकायचं.

यासाठी 2012 ची ओबामा विरुद्ध रॉम्नी निवडणूक नीट अभ्यासा. बेरोजगारी 8 टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे ओबामांना नुसत्या कामगिरीवर मतं मागणं कठीणच होतं. रॉम्नी रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुका, जिंकून बाहेर आले तेव्हा त्यांची तिजोरी रिकामी झालेली. मुख्य निवडणुकीसाठी जमलेला पैसा ऑगस्टअखेरच्या पक्षाच्या अधिवेशनात अधिकृत उमेदवारी मिळेपर्यंत कायद्याने वापरता येत नव्हता. ओबामांच्या बाजूने नेमकी तीच वेळ साधली आणि उन्हाळाभर जाहिरातींचा मारा केला. त्यांच्या समर्थक सुपर पॅकची (उमेदवारापासून वेगळं राहून प्रचारावर हवा तेवढा पैसा खर्च करणारा गट) एक जाहिरात अजून आठवते. इंडियानातल्या मॅरियन गावातला कागद कारखान्याचा कामगार सांगतो, आम्हाला तीस फुटी व्यासपीठ बांधायला सांगितलं. काही दिवसांनी त्याच व्यासपीठावरून कारखाना बंद झाल्याचं जाहीर झालं आणि सगळ्यांची नोकरी गेली. कारखाना रॉम्नींनी स्थापन केलेल्या बेन कॅपिटल या गुंतवणूक संस्थेच्या ताब्यातल्या कंपनीचा. त्यामुळे सप्टेंबरमध्ये 47 टक्के लोक सरकारवर अवलंबून आहेत आणि काहीही झालं तरी ओबामांनाच मत देतील, असं म्हणणाऱ्या रॉम्नींचं ध्वनिचित्रण बाहेर आलं, तेव्हा लोकांच्या मनातलं चित्र आधीच तयार होतं.

ओहायोत हे सगळ्यात जास्त लागू पडलं. ओबामा सरकारने जनरल मोटर्स आणि क्रायस्लरला सावरलं होतं. रॉम्नींच्या 2008 च्या लेखाला वर्तमानपत्राने मथळा दिला होता 'डेट्रॉइटला दिवाळखोरीत जाऊ द्या'. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या गावांमध्ये याहून वेगळा प्रचार लागत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये ज्यांनी दिवस काढलेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. ओहायोची 18 इलेक्टोरल मतं (प्रत्येक राज्याच्या वाट्याची, राष्ट्राध्यक्ष ठरवणारी मतं) ओबामांना मिळाली. एकूण निकाल 332 विरुद्ध 206.

दुसरी अट म्हणजे स्वपक्षात बंड नको. 1968 मध्ये पक्षातूनच आव्हान मिळाल्यावर जॉन्सन यांनी माघार घेतली, 1976 मध्ये फोर्डना रेगननी झुंजवलं, 1980 मध्ये कार्टरना टेड केनेडींनी, 1992 मध्ये बुशना ब्युकॅनननी. चौघांपैकी एकही परत आला नाही. अर्थात घर शांत असलं म्हणजे भागतं असं नाही. 2020 मध्ये ट्रम्प यांना पक्षात कोणी तगडं आव्हान दिलं नव्हतं, पण कोरोनाने ती निवडणूक त्यांच्याच कारभारावरचा कौल बनवली. तरीही ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन मिळून फरक जेमतेम 43 हजार मतांचा होता, हे चर्चेत जरूर सांगा.

अर्थव्यवस्थेबाबत आकड्यापेक्षा दिशा बघा. रेगन यांच्या काळात 1982 च्या अखेरीस बेरोजगारी 10.8 टक्के होती. 1984 च्या निवडणुकीपर्यंत ती सातच्या थोडी वर आली आणि त्यांनी 49 राज्यं घेतली. सातही कमी नाहीच, पण लोकांना सुधारणा जाणवत होती.

राहिला बूथ. कोथरूडमध्ये टेबल टाकून बसलेले कार्यकर्ते यादीवर खुणा करत जातात आणि दुपारनंतर राहिलेल्यांच्या घरी माणूस धाडतात, तेच काम रॉम्नींनी 'ओर्का' नावाच्या प्रणालीवर सोपवलं होतं. ती मतदानाच्या दिवशीच कोलमडली. ओबामांची स्थानिक कार्यालयं मात्र 2008 पासूनच्या ओळखींवर उभी होती. सत्तेत असण्याचा मला दिसणारा खरा फायदा हाच, बांधणीला चार वर्षं मिळतात.

तिसऱ्या टर्मबद्दल विचारलंत. 1951 पासून बावीसाव्या घटनादुरुस्तीने दोनपेक्षा जास्त वेळा निवडून येण्यास मनाई केली आहे. त्याआधी फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा निवडून आले होते.