पाटीचं नंतर बघू, आधी पत्रावरची तारीख सांगा

न्यू जर्सीतल्या एका रेस्टॉरंटवाल्या दादांची मेल आली आहे. असल्या मेल्स मला सारख्या येतात, कधी ग्रोसरीवाला, कधी सलूनवाली, गोष्ट तीच. जागा भाड्याने घेतली, आधीच्या भाडेकरूची जुनी पाटी पार्किंग लॉटमधल्या पोलवर होती, ती काढून तिथे मोठी एलईडी पाटी लावली, साइनवाला म्हणाला पर्मिटचं मी बघतो, आणि आता झोनिंग ऑफिसरचं, म्हणजे कुठे काय बांधता-लावता येतं ते बघणाऱ्या टाउनच्या अधिकाऱ्याचं, पत्र आलंय की पाटी ऑर्डिनन्सपेक्षा (टाउनच्या नियमापेक्षा) मोठी आहे, काढा. दादांचा प्रश्न असा की फर्स्ट अमेंडमेंटवर, म्हणजे अमेरिकन राज्यघटनेतल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर, लढता येईल का.

दादा, लढता येईल की नाही ते सोडा, पत्र येऊन किती दिवस झाले ते तुम्ही अख्ख्या मेलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही! ऑफिसरला फोन केले, तो म्हणाला बघतो, मग तो सुट्टीवर गेला, हे सगळं सविस्तर लिहिलंय, पण तारीख नाही. आणि सगळं तिथेच अडलंय.

न्यू जर्सीच्या म्युनिसिपल लँड यूज लॉमध्ये कलम ७२ आहे, त्यात झोनिंग ऑफिसरच्या निर्णयाविरुद्ध टाउनच्या अपील ऐकणाऱ्या बोर्डाकडे, म्हणजे बोर्ड ऑफ अ‍ॅडजस्टमेंटकडे अपील करायला २० दिवस दिलेत. वर्किंग डेज नाहीत हां, शनिवार-रविवार धरून २०. तुम्हाला पत्र उशिरा मिळालं म्हणून दिवस उशिरा सुरू होतात असा वाद घालता येतो, कधीकधी चालतोही, पण त्या भरवशावर बसू नका, पत्रावरच्या तारखेपासूनच मोजा. ऑफिसर फोनवर कितीही गोड बोलला तरी ते अपील होत नाही, आणि "बघतो" म्हणाला म्हणून दिवस थांबत नाहीत.

अजून एक, लोक इथे हमखास चुकतात. अपीलची नोटीस ज्या ऑफिसरने पत्र पाठवलं त्याच्याकडेच द्यायची असते, कारणं लिहून. तो मग सगळे कागद बोर्डाकडे पाठवतो. तुम्ही नुसतं बोर्डाच्या सेक्रेटरीकडे काहीतरी टाकून आलात आणि ऑफिसरकडे गेलाच नाहीत तर उगाच वाद होतो, म्हणून दोघांकडे द्या, तारखेचा शिक्का मारलेली कॉपी घ्या, आणि फी किती, फॉर्म कोणता ते सेक्रेटरीला त्याच दिवशी विचारा.

एवढी घाई का, तर कलम ७५. अपील दाखल झालं की त्या निर्णयाची पुढची कारवाई थांबते, स्टे (स्थगिती) वेगळा मागावा लागत नाही. पाटीमुळे जीवाला किंवा मालमत्तेला तातडीचा धोका आहे असं ऑफिसरने लेखी सर्टिफाय केलं तरच अडचण, आणि पाटी हलत-बिलत नसेल तर तो तसं लिहील असं वाटत नाही. व्हेरिअन्स, म्हणजे नियमातून तुमच्या जागेपुरती सूट, तुम्ही नंतरही मागू शकता, त्याला ही २० दिवसांची अट नाही, पण हा आपोआप मिळणारा स्टे अपीलबरोबरच येतो. म्हणून एकाच अर्जात दोन्ही मागा: ऑफिसरचं चुकलंय, आणि चुकलं नसेल तर व्हेरिअन्स द्या.

ऑफिसरचं चुकलंय का? माहीत नाही. ते तुमच्या टाउनच्या ऑर्डिनन्सवर आहे आणि पोलवर आहे. जुनी पाटी कायदा बदलायच्या आधीपासून तिथे होती आणि तेव्हा नियमात होती असं दाखवता आलं तर कलम ६८ खाली ती चालू ठेवता येते, थोडी मोडली तर दुरुस्तही करता येते. पण तुम्ही फक्त वरचा पत्रा बदललात की पोल बोल्टसकट उपटून नवा रोवलात? दुसरं असेल तर जुना हक्क बहुतेक गेला. काढण्याआधीचे फोटो आहेत का बघा, नसतील तर गूगल स्ट्रीट व्ह्यूच्या जुन्या तारखा चाळा, तिथे बऱ्याचदा सापडतात.

व्हेरिअन्समध्ये "पाटीवर एवढे पैसे घातले, आता काढली तर नुकसान" हे बोर्डापुढे बोलू नका प्लीज, अडचण जागेची लागते, तुमच्या खिशाची नाही, आणि स्वतःच ओढवून घेतलेली तर नाहीच नाही. त्यापेक्षा गाडीत बसून, दुसऱ्या कुणाला चालवायला सांगून, रस्त्यावरून फोटो काढा. बिल्डिंग रस्त्यापासून आत आहे, मध्ये झाड आहे, नियमातल्या साइजची पाटी वळण येईपर्यंत वाचताच येत नाही आणि लोक अचानक ब्रेक मारतात, असं खरंच असेल तर ते कामाचं आहे. खरंच असेल तर म्हटलंय.

तुमच्या जागेपासून २०० फुटांच्या आतल्या जागांच्या मालकांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस जावी लागते, एक जरी नाव सुटलं तरी पुढच्या महिन्याची तारीख. बोर्डाला निर्णयाला १२० दिवस असतात, ते मुदतवाढ मागतात आणि सगळे निमूट देतात, वैताग आहे पण द्यावी लागते. रेस्टॉरंट एलएलसीच्या (कंपनीच्या) नावावर असेल तर बोर्डापुढे वकील लागेल, तुम्ही स्वतः उभे राहू शकत नाही.

फर्स्ट अमेंडमेंटचं म्हणाल तर तुम्हाला कुणीतरी २०१५ ची रीड विरुद्ध टाउन ऑफ गिल्बर्ट केस सांगितलेली दिसते. ती पाटीवर काय लिहिलंय त्यावरून वेगवेगळे नियम लावण्याबद्दल होती. तुमच्या पत्रात साइज आणि उंची आहे, मजकुराबद्दल अक्षर नाही. त्यात पैसे घालू नका.

लँडलॉर्ड "चालेल" म्हणाला होता ना, ते आता लेखी घ्या, अर्जावर त्याची सही बहुतेक लागेलच. आणि साइनवाल्याचे पैसे अजून बाकी असतील तर त्याच्याकडे पर्मिटची कॉपी मागा, झोनिंगची वेगळी आणि इलेक्ट्रिकलची वेगळी. माझा अंदाज आहे की त्याने एकही काढलेलं नाही, पण पैसे अडवून धरण्याआधी त्याचं कॉन्ट्रॅक्ट मला पाठवा.